एका पोथीचे किती धनी? (शाँतीयीची वारी)

सीनकाठची

बरेच दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज मुहूर्त लागला.

२०२५ च्या सप्टेंबरात शाँतीयीला जाऊन आले. पॅरिसच्या गार द्यु नोरवरून गाडी धरली की अर्ध्या तासाच्या आत तिथे. लोक जातात ते घोड्यांच्या शर्यतींसाठी, नाहीतर गावाच्या नावाने प्रसिद्ध असलेली फेटलेली साय खायला. मी गेले एका पोथीसाठी.

'ले त्रे रिश अर द्यु द्युक द बेरी', म्हणजे बेरीच्या ड्यूकचं अतिश्रीमंत प्रार्थनापुस्तक. या जातीच्या पुस्तकांना बुक ऑफ अवर्स म्हणतात. सुरुवातीला बारा महिन्यांचं पंचांग, त्यात संतांच्या तिथी, आणि पुढे दिवसाच्या आठ ठरलेल्या वेळी म्हणायची स्तोत्रं. पाद्र्यासाठी नव्हे, घरच्या माणसासाठी. आपल्या देवघरातली नित्यपाठाची पोथी असते ना, तसलं. फक्त इथला गृहस्थ फ्रान्सच्या राजाचा मुलगा होता.

२०६ चर्मपत्रं, उंची फुटाला जरा कमी, लहानमोठी १३१ चित्रं. एरवी ते कोणाला दिसत नाही, शाँतीयीच्या वाड्यातल्या म्युझे काँदे या संग्रहालयाच्या कड्याकुलपात असतं. यावेळी दुरुस्तीसाठी शिवण उसवली होती, त्यामुळे पंचांगाची पानं सुटी करून शेजारी शेजारी मांडता आली. मी फेब्रुवारीपुढे इतका वेळ उभी होते की मागच्या बाईंनी दोनदा खाकरून दाखवलं. बर्फाने झाकलेलं शेत, मधमाश्यांची पोळी, कुडकुडत लाकडं नेणारा माणूस, आणि झोपडीत कपडे वर करून शेकत बसलेली माणसं. कपडे जरा जास्तच वर आहेत. १९४८ मध्ये 'लाइफ' साप्ताहिकाने ही चित्रं छापली तेव्हा वाचकांना धक्का बसू नये म्हणून तेवढा भाग पुसून घेतला होता!

पण मला धागा काढायचाय तो मालकांवर.

जानेवारीचं पान बघा. ड्यूक स्वतः मेजवानीला बसलाय. निळा झगा, पाठीमागे शेगडीची धग अडवणारा गोल विणलेला पडदा, तो असा नेमका डोक्यामागे आलाय की प्रभावळच वाटावी. टेबलावर दोन चिमुकली कुत्री ताटांमधून फिरतायत. वर सोन्याने लिहिलंय, 'अप्रोश, अप्रोश' (या, जवळ या). डोक्यावरच्या छतावर फ्रान्सच्या राजघराण्याची लिलीची फुलं, आणि त्यांच्यात अस्वल आणि हंस. अस्वल-हंस ही ड्यूकची खास चिन्हं. टेबलावर होडीच्या आकाराचं मिठाचं भांडं आहे, त्याच्या दोन टोकांनाही तेच दोघे. नवं वर्ष उघडलं की पहिलं दर्शन कोणाचं, तर पैसे मोजणाऱ्याचं.

चित्रकार तीन भाऊ. पॉल, एर्मान आणि जाँ लिंबुर्ग, मूळचे नायमेखेनचे. दोघे लहानपणी पॅरिसमध्ये सोनाराकडे उमेदवारी करत होते. साथ आली म्हणून घरी निघाले, तर ब्रसेल्समध्ये पकडले गेले, कारण त्यांच्या मुलखाचं आणि ब्राबांतचं भांडण चालू होतं. खंडणी ५५ एक्यू (तेव्हाची सोन्याची नाणी). ती अखेर बर्गंडीच्या ड्यूकने भरली, कारण पोरांचा मामा त्याचा दरबारी चित्रकार. तो ड्यूक १४०४ मध्ये वारला, मग हे भाऊ त्याच्या भावाकडे, म्हणजे आपल्या बेरीच्या ड्यूककडे आले. १४११ च्या नवीन वर्षाला त्यांनी मालकाला एक पुस्तक भेट दिलं: पांढरं मखमली आवरण, चांदीच्या सोनेरी कड्या. उघडायला गेलं तर आत पान नाही की अक्षर नाही, नुसता रंगवलेला लाकडी ठोकळा! ड्यूकच्या यादीत त्याचीही रीतसर नोंद आहे. मालकाची अशी फिरकी घ्यायला मालकाशी नातं काय असेल हो!

१४१६ मध्ये ड्यूक गेला आणि त्याच वर्षात तिघे भाऊही. पुस्तक अर्धवट. मृत्यूनंतरच्या यादीत त्याची नोंद 'पॉल आणि त्याच्या भावांनी केलेल्या अतिश्रीमंत प्रार्थनांचे काही जुडगे' अशी आहे आणि किंमत लावलीय ५०० लिव्र. शिवलेलंसुद्धा नव्हतं.

तिथून पुढे ते कोणाकोणाकडे गेलं ते पानांवरच दिसतं. १४४० च्या आसपास कोणीतरी ब्रश उचलला आणि काही महिने पुढे नेले. ऑक्टोबरमधल्या माणसांच्या सावल्या जमिनीवर पडतात, तशा लिंबुर्ग भावांच्या पडत नाहीत. हा बहुधा बार्थेलमी द आइक असावा. मग ते साव्हॉयच्या घराण्यात पोचलं. तिथल्या पहिल्या शार्ल ड्यूकने १४८५ ते १४८९ च्या दरम्यान जाँ कोलोम्बकडून उरलेलं पूर्ण करून घेतलं. सप्टेंबरच्या द्राक्षतोडणीत वरचा सोम्युरचा किल्ला आधीच्या माणसाचा आणि खालचे शेतकरी कोलोम्बचे. आणि हो, एका पानावर शार्ल आणि त्याची बायको ब्लांश हात जोडून बसलेत, शेजारी कुलचिन्हं. म्हणजे दुसऱ्याने बांधलेल्या देवळात आपल्या नावाची फरशी!

साव्हॉयकडून ऑस्ट्रियाच्या मार्गरेटकडे. ती त्या घराण्याची विधवा सून. ती १५३० मध्ये वारली, पुस्तक तिच्या मृत्युपत्राची व्यवस्था पाहणाऱ्या एका खजिनदाराकडे गेलं, आणि मग दोनशे वर्षं पत्ता नाही. पुन्हा दिसतं ते जिनोव्हात, लाल मोरोक्को चामड्याच्या बांधणीत. बांधणीवर स्पिनोला घराण्याचं चिन्ह, त्यावर सेरा घराण्याचं.

१८५५ च्या डिसेंबरात ओमालचा ड्यूक आजारी आईला भेटायला त्या बाजूला आला होता. हा फ्रान्सच्या पदच्युत राजाचा मुलगा, इंग्लंडमध्ये ट्विकनहॅमला परागंदा. ब्रिटिश म्युझियमच्या पानित्सींकडून सुगावा लागला होता. जिनोव्हाजवळ मुलींच्या एका निवासी शाळेत त्याला पुस्तक दाखवलं, आणि जानेवारीत त्याने १८ हजार फ्रँकला घेऊन टाकलं. शेवटी आपला शाँतीयीचा वाडा संग्रहासकट फ्रेंच इन्स्टिट्यूटला देऊन टाकला, पण अट घालून: यातली एकही वस्तू बाहेर उसनी द्यायची नाही. तो १८९७ मध्ये गेला. अट अजून पाळतात, म्हणून तर गाडी धरून जावं लागतं.

माझं म्हणणं एवढंच, की सजावट आणि मालकी हे दोन वेगळे विषय नाहीतच. पुस्तकातला अर्धा रंग 'हे माझं' असं सांगण्यासाठी लावलेला आहे. भक्ती उरलेल्या अर्ध्यात.

खडूस काका

लेख छान. भक्ती अर्ध्यात म्हणजे फारच उदारपणे मोजलीत.

पण या ड्यूकच्या पैशाचं कोणी विचारत नाही. हा पैसा आला कुठून?

सीनकाठची

काका, लांग्दोक आणि ओव्हेर्न्यच्या रयतेकडून. करवसुलीवरून तिथे दंगे झाले होते. आणि एवढं करूनही मेला तेव्हा कर्जातच.

एक गोष्ट लेखात घालू की नको करत होते. बूर्जच्या एका व्यापाऱ्याची मुलगी होती, जिलेत. वय आठ. ड्यूकला ती पॉल लिंबुर्गला द्यायची होती, आई तयार नव्हती. तर त्याने मुलीला एताँपच्या किल्ल्यात ठेवून घेतलं. प्रकरण राजापर्यंत गेलं. पुढे काही वर्षांनी लग्न झालंच. ऑगस्टच्या पानावर हातावर ससाणे घेऊन निघालेला सरदारांचा सुंदर ताफा आहे, त्यामागे नदीत पोहणारी माणसं, आणि सगळ्यांच्या वर उन्हात चमकणारा पांढरा किल्ला. तो एताँपचा.

खडूस काका

झालं. आता ते चित्र मला परत तसं दिसायचं नाही.

भाबडा भास्कर

ताई दंडवत. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

जास्वंद

माझं काम रंगांच्या रसायनांचं आहे, त्यामुळे राहवत नाही. धागाकर्तीने सोन्यावर नुसता हात फिरवून सोडून दिलंय.

क्रम असा असतो: आधी शाईने रेखाटन, मग सोनं, आणि सगळ्यात शेवटी रंग. सोनं आधी का, तर वर्ख बसवताना त्याचे कण ओल्या रंगाला चिकटतात, आणि घोटताना शेजारचा रंग खरवडला जातो. वर्खाखाली चुना-जिप्सम, सफेदा (शिशाचा पांढरा रंग), सरस आणि थोडी साखर किंवा मध यांचा थर देतात. साखर हवेतला ओलावा धरते. कारागीर त्यावर तोंडाने वाफ सोडतो, थर जरासा चिकट होतो, त्या क्षणी वर्ख टेकवायचा. मग कुत्र्याच्या दाताने नाहीतर अकीकाने घोटायचा. तो थर उंचवट्यासारखा असतो म्हणून पान हलवलं की सोनं लखलखतं. छापील पुस्तकात किंवा पडद्यावर ते कधीच कळत नाही. बारीक रेघांसाठी वेगळं सोनं, पूड करून डिंकात कालवलेलं. ते शिंपल्यात ठेवत, म्हणून इंग्रजीत त्याचं नावच शिंपलीसोनं.

निळा रंग म्हणजे लाजवर्द. खाण एकच म्हणावी अशी, अफगाणिस्तानातल्या बदख्शानात सर-ए-संगला. नुसता दगड कुटला तर करडी पूड मिळते. ती मेण, राळ आणि तेलात कणकेसारखी तिंबायची आणि राखेच्या क्षारपाण्यात मळत राहायची. निळे कण पाण्यात उतरतात, घाण गोळ्यात राहते. पहिलं पाणी सर्वांत निळं आणि सर्वांत महाग. युरोपात त्याला 'समुद्रापलीकडचा' म्हणायचे. ड्यूकचा झगा निळा का, याचं उत्तर इथे आहे. तो कपड्याचा रंग नाही, बिलाचा आकडा आहे.

आणि गंमत ऐका. २०१९ मध्ये जर्मनीतल्या डालहाइम इथल्या मठाच्या स्मशानातल्या एका स्त्रीच्या दातांवरच्या किटणात लाजवर्दाचे कण सापडले. बाई इसवी १००० ते १२०० च्या दरम्यान कधीतरी गेलेली. ब्रशला टोक आणायला तो ओठांत धरायचा, तशी ती धरत असावी. पोथ्या रंगवणारे सगळे बाप्येच होते असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यासाठी हा मुद्दा.

कोल्हापुरी मिरची

डालहाइमची बाई काळजात रुतली. +१

बोरूबहाद्दर

जास्वंदताईंनी रंगांचा विषय काढला म्हणून. युरोपातल्या चित्रकारांच्या डब्यातले बाकीचे रंग आपल्या ओळखीचेच निघतात. हिंगूळ, जंगाल (तांब्याचा हिरवा), सफेदा, शेंदूर. लॅटिनमध्ये शेंदराला 'मिनियम'. त्याने ठळक अक्षरं काढणं म्हणजे 'मिनियारे', आणि त्यावरून 'मिनिएचर'. लहान चित्र म्हणून मिनिएचर नव्हे हो, शेंदराचं म्हणून! 'मिनी'शी त्याचा संबंध लोकांनी नंतर जोडला.

आणि हरताळ. 'तत्त्वांना हरताळ फासला' असं आपण उठसूट लिहितो. मूळ अर्थ पोथीतला. लेखनिकाकडून चूक झाली की त्या अक्षरांवर पिवळ्या हरताळाचा लेप द्यायचा आणि वर बरोबर अक्षर लिहायचं. तोच हरताळ आयर्लंडच्या 'बुक ऑफ केल्स'मध्ये सोन्याच्या जागी वापरलाय. त्या अख्ख्या पुस्तकात सोन्याचा कण नाही. आपण ज्याने चूक झाकली, त्याने त्यांनी देवदूत उजळले.

लेखनिकांची रडगाणीही सारखीच. आपल्या पोथ्यांच्या शेवटी 'भग्नपृष्ठकटिग्रीवा' असतं: पाठ मोडली, कंबर मोडली, मान मोडली, कष्टाने लिहिलंय, जपा. तिकडचा लेखनिक लिहितो: तीन बोटं लिहितात, पण अख्खं अंग राबतं.

जास्वंद

बोरूबहाद्दर, अगदी. फक्त हरताळाची एक खोड आहे. त्यात गंधक असतं, त्यामुळे शेजारी सफेदा किंवा जंगाल आला की ते काळवंडतात. जंगाल तर पानच खातो. हिरव्या चौकटीच्या रेषेवर पान बरोबर कापल्यासारखं तुटलेलं मी पाहिलंय. आणि चांदीचा वर्ख लावलेल्या तलवारी आता कोळशासारख्या दिसतात.

खवचट खान

कौतुक पुरे. त्यांच्या पोथ्या काचेखाली आणि आपल्या वाळवीच्या पोटात. तिकडे जाऊन फोटो काढणाऱ्यांनी इकडेही कधी बघावं.

बोरूबहाद्दर

खानसाहेब, बघितलंय. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीत महाभारतातल्या आरण्यकपर्वाची सचित्र पोथी आहे. १५१६ ची, आग्र्याजवळच्या कछौवा गावची, सिकंदर लोदीच्या काळातली. हे एवढं नेमकं सांगता येतं कारण लेखनिकाने शेवटी लिहून ठेवलंय. ही आपल्याकडची जमेची बाजू. जैन पोथ्यांत तर पुढे जाऊन दात्याची प्रशस्तीच असते: कोणाच्या पुण्यासाठी, कोणत्या साधूच्या उपदेशाने, कोणी पैसा खर्चून लिहवून घेतली. कारंज्याच्या भांडारांतल्या पोथ्या बघा. त्या मानाने फ्रेंच ड्यूकचं पुस्तक मुकं. तिथे मालक शोधायला कुत्री आणि अस्वलं मोजावी लागतात.

सीनकाठची

हे कबूल. पण त्यांच्याकडे यादी करण्याची एक नामी युक्ती होती. सगळी प्रार्थनापुस्तकं सुरू एकाच शब्दांनी होतात, त्यामुळे पहिली ओळ लिहून काही उपयोग नाही. म्हणून यादीवाला दुसऱ्या पानाचे पहिले शब्द उतरवायचा. हाताने लिहिलेल्या दोन प्रतींत दुसरं पान एकाच शब्दावर सुरू होणं जवळजवळ अशक्य. ड्यूकचा कारभारी रोबिने देताँप याने केलेल्या याद्यांत या नोंदी आहेत, आणि त्यांच्यावरून आज सहाशे वर्षांनी पुस्तकं ओळखता येतात.

खोडलेल्या नावांचंही तसंच. नव्या मालकाने जुन्याचं नाव खरवडलं तरी मायफळ आणि हिराकशीच्या शाईचा अंश चामड्यात मुरलेला असतो. अतिनील दिव्याखाली धरलं की वर येतो.

मुंबईकर ४००००१

एशियाटिकचा विषय निघाला म्हणून. आमच्याकडे दान्तेच्या 'डिव्हाइन कॉमेडी'चं सजवलेलं हस्तलिखित आहे, जगात दोनच मूळ प्रती आहेत त्यातली एक. मुसोलिनीने त्यासाठी दहा लाख पौंड देऊ केले होते, सोसायटीने साफ नाही म्हटलं. अभिमान वाटतो.

बोरूबहाद्दर

मुंबईकर, अभिमान ठेवा, पण 'दोनच मूळ' हे सोडा. दान्तेच्या स्वतःच्या हातचं एकही पान उरलेलं नाही, आणि 'कॉमेडी'ची हस्तलिखितं जगभरात सुमारे आठशे आहेत. मुंबईची प्रत माउंटस्ट्युअर्ट एल्फिन्स्टनने दिलेली. हा १८१९ ते १८२७ मुंबईचा गव्हर्नर. मुसोलिनीची गोष्ट मीही लहानपणापासून ऐकतोय, आणि ती सांगताना प्रत्येकजण छाती फुगवतो.

माझ्या मते मुसोलिनीपेक्षा एल्फिन्स्टनचा प्रश्न मोठा आहे. इटलीत रंगवलेलं पुस्तक पेशवाई बुडवणाऱ्या साहेबाच्या पेटाऱ्यात येतं आणि टाउन हॉलच्या पायऱ्या चढतं, ही वाट मुसोलिनीच्या धनादेशापेक्षा जास्त रंजक नाही का?

मुंबईकर ४००००१

हं. आठशे. बरं.

पण नाही म्हटलं ते बरं केलं की नाही?

खडूस काका

ते मात्र केलं.

लंडनचा पाव्हणा

मोठ्या लोकांत बोलायला भीती वाटते, पण माझ्याकडेही एक पान आहे! काही वर्षांपूर्वी इथल्या एका जुन्या पुस्तकांच्या दुकानातून घेतलं. साधारण पोस्टकार्डापेक्षा थोडं मोठं, काळी आणि तांबडी अक्षरं, दोन सोनेरी अक्षरं निळ्या-गुलाबी चौकोनांत, कडेला वेलबुट्टी. दुकानदार म्हणाला, १४५० च्या सुमाराचं, फ्रेंच. फ्रेम करून दिवाणखान्यात लावलंय. पाहुणे फार कौतुक करतात.

अटलांटिकपार

पाव्हणं, राग मानू नका, पण बाकीचं पुस्तक कुठंय?

लंडनचा पाव्हणा

दुकानात सुटी पानंच होती.

अटलांटिकपार

तेच तर. पुस्तक अख्खं विकण्यापेक्षा फाडून पान-पान विकलं की जास्त पैसे सुटतात. हा धंदा जुना आहे. जॉन रस्किनसारख्या कलेच्या पुजाऱ्यानेही ३ जानेवारी १८५४ च्या रोजनिशीत लिहिलंय, संध्याकाळी प्रार्थनापुस्तक कापलं, अवघड काम. अमेरिकेत क्लीव्हलंडचा ऑटो एगे तर यासाठीच (कु)प्रसिद्ध. कला शिकवायचा, पुस्तकं विकत घ्यायचा, उसवायचा, आणि पन्नास वेगवेगळ्या पुस्तकांतलं एकेक पान घालून पेट्या विकायचा. चाळीसेक पेट्या. त्याचं समर्थन काय, तर म्हणे सामान्य माणसाच्याही हाती मध्ययुग लागावं.

'बोव्हे मिसल' नावाचं तेराव्या शतकाच्या अखेरचं पुस्तक होतं, ३०९ पानांचं. वृत्तपत्रसम्राट विल्यम रँडॉल्फ हर्स्टकडे होतं तोवर शाबूत होतं. १९४२ मध्ये त्याने विकलं आणि एगे आणि त्याच्या भागीदार व्यापाऱ्याने ते फोडलं. लिसा फेगिन डेव्हिस या बाई गेली कित्येक वर्षं त्याची पानं जगभरातून शोधून संगणकावर परत जुळवतायत. शंभराच्या वर मिळाली. २०२२ मध्ये मेन राज्यात एका तरुणाला घरगुती जुन्या सामानाच्या विक्रीत एक मिळालं, ७५ डॉलरला.

सीनकाठची

याच ड्यूकचं दुसरं एक पुस्तक असंच वाटलं गेलं. एक तुकडा पॅरिसला राहिला, एक तुरीनच्या ग्रंथालयात गेला, एक मिलानला. १९०४ च्या जानेवारीत तुरीनच्या ग्रंथालयाला आग लागली, तो तुकडा गेला. लोक हळहळतात. पण तुकडे झाले नसते तर सगळंच त्या आगीत असतं. म्हणून मी ठामपणे काही बोलत नाही.

अटलांटिकपार

ताई, तो योगायोग. त्याचं पुण्य कात्रीला देऊ नका.

लंडनचा पाव्हणा

रात्रभर झोप नाही. मी पैसे दिले म्हणून कोणीतरी पुढचं पुस्तक कापलं असणार, हे डोक्यात आलंच नव्हतं. पाहुण्यांना काय सांगू आता?

जास्वंद

आधी फ्रेम खिडकीसमोर नाही ना ते बघा. आणि पान काचेला चिकटलेलं नको. चर्मपत्र हवेतलं पाणी पितं आणि ओकतं, फुगतं आणि आक्रसतं. सोन्याचा थर ताठ असतो, तो त्या ओढाताणीत तडकतो. 'तैलाद्रक्षेज्जलाद्रक्षेद्रक्षेच्छिथिलबन्धनात्' (तेलापासून, पाण्यापासून, सैल बांधणीपासून जपा), तुमच्या बाबतीत बंधन तर गेलंच, निदान पाणी सांभाळा.

सीनकाठची

आणि झोप लागत नसेल तर एक करा. तांबड्या अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. तांबडी अक्षरं म्हणजे सूचना, आता कोणता प्रहर सुरू होतोय वगैरे. प्रत्येक गावची प्रार्थना थोडी वेगळी असायची. सकाळच्या 'प्राइम' आणि दुपारच्या 'नोन' या दोन वेळांचं धृपद आणि छोटं वाचन बघून पुस्तक कोणत्या गावच्या रीतीचं ते कळतं.

लंडनचा पाव्हणा

फोनच्या विजेरीने आणि भिंगाने वाचलं. तांबड्यात 'अद प्रिमाम'. पुढे स्तोत्राचा तुकडा. अगदी खाली 'बेनेदिक्ता तू' असं काहीतरी.

सीनकाठची

वा! 'अद प्रिमाम' म्हणजे प्राइमच. रोमच्या रीतीत इथे 'असुम्प्ता एस्त मारिया' असतं. 'बेनेदिक्ता तू' पॅरिसच्या रीतीत. मागच्या बाजूला 'फेलिक्स नाम्क्वे' दिसलं तर जवळजवळ पक्कं. पुस्तक पॅरिसमध्ये रंगवलेलं असेल किंवा बाहेर, पण म्हणणारा माणूस, बहुतेक बाई, पॅरिसच्या पद्धतीने प्रार्थना करणारी होती.

खवचट खान

एवढ्यावरून बाई?

सीनकाठची

खानसाहेब, पकडलंत. पानावरून नाही, मनाने घातली. ही पुस्तकं बायकांकडे पुष्कळ असायची, लग्नात मिळायची, आईकडून मुलीकडे जायची. लॅटिन प्रार्थनांत विनवणाऱ्याचं लिंग कळतं, पण ते वेगळ्या पानांवर, आणि ती पानं पाव्हण्यांकडे नाहीत.

लंडनचा पाव्हणा

आज फ्रेम उघडली. बायको शेजारी उभी राहून म्हणाली, आधी हात धू.

मागची बाजू पहिल्यांदाच बघतोय. जरा पिवळट आहे, आणि केसांची बारीक बारीक छिद्रं दिसतात. म्हणजे वासराच्या पाठीची बाजू ना? 'फेलिक्स नाम्क्वे' आहे! वरून तिसऱ्या ओळीत. बायकोलाच आधी दिसलं.

आणि उजव्या वरच्या कोपऱ्यात, फ्रेमच्या पुठ्ठ्याखाली झाकलेलं, शिसपेन्सिलीने इंग्रजी आकड्यांत ४१ लिहिलंय. हात मध्ययुगातला नाही, नक्कीच नंतरचा. कोणीतरी कापायच्या आधी पानं मोजली होती का?

अटलांटिकपार

किंवा त्याच्याही आधीच्या एखाद्या मालकाने, जपण्यासाठी. दोन्ही शक्य आहे. बाजू उलटी लागलीय बहुतेक तुमच्या फ्रेममध्ये, पानाचा क्रमांक पुढच्या बाजूला घालतात. शब्दांचा क्रम परत तपासा.

तोवर दोन्ही बाजूंचे फोटो काढा. सरळ वरून, उजेडात, फ्लॅश नको, शेजारी मोजपट्टी ठेवून. इथे चढवा, मी पॅरिस रीतीची सुटी पानं शोधणाऱ्यांकडे पाठवतो. ४० आणि ४२ कोणाकडे तरी भिंतीवर असतील.

लंडनचा पाव्हणा

पट्टी मुलीच्या कंपासपेटीत आहे, ती शाळेतून आली की काढतो.